बिचारे दुर्वास

परवा रात्री साडेदहाला माझ्या भाचीचा फोन आला. साडेदहानंतर येणारे फोन दोनच प्रकारचे असतात. एक, कुणाचा तरी जीव गेल्याचे. आणि दुसरे, कुणाचा तरी कुणावर तरी जीव जडल्याचे. हा दुसऱ्या प्रकारातला होता.

“मावशी, एखाद्यानं आपला निरोप वाचला, वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या, आणि तरीही चार दिवस उत्तर दिलं नाही, तर त्याचा अर्थ काय गं?”

“कामात असेल,” मी म्हणाले.

“रविवारी सिंहगडावर गेला होता. पिठलं-भाकरीचा फोटो टाकलाय.”

“मग गडावर रेंज नसेल.”

“फोटो गडावरूनच टाकलाय.”

“मग त्याच्या आईची तब्येत बरी नसेल.”

“आई फोटोत आहे. भाकरी खातेय.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. “उद्या बोलू” म्हणून मी फोन ठेवला, दिवा मालवला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की दोन मिनिटांत आपण तीन दुर्वास उभे केले आणि पोरीनं तिन्ही एकेका वाक्यात परत पाठवले.

आता या फोनाफोनीत दुर्वास कुठून आले, असं तुम्ही विचाराल. सांगते. पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. थोडं म्हणजे पार कण्वमुनींच्या आश्रमापर्यंत.

शकुंतलेची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ असते. दुष्यंत राजा शिकारीला आला, आश्रमात शकुंतला भेटली, गांधर्व विवाह झाला, राजानं अंगठी दिली आणि तो राजधानीला गेला. इकडे शकुंतला त्याच्या विचारात हरवलेली असताना दारात दुर्वास आले. तिचं लक्ष गेलं नाही. त्यांनी शाप दिला, की जिच्या विचारात तू मला विसरलीस तो तुला विसरेल. मग अंगठी पाण्यात पडली, माशानं गिळली, राजानं ओळख दिली नाही, मासा कोळ्याला सापडला, अंगठी मिळाली, आठवण आली, सगळं गोड झालं. या गोष्टीत गुन्हेगार असा कुणी नाहीच. राजा शापानं बांधलेला, शकुंतला प्रेमात हरवलेली, दुर्वासांचा तर स्वभावच तसा. शिक्षा झाली ती एकट्या माशाला.

पण ही गोष्ट कालिदासाची. महाभारताच्या आदिपर्वात व्यासांनी जी सांगितली आहे तिच्यात दुर्वास नाहीत. अंगठी नाही. मासाही नाही. मग काय आहे? एक पुरुष आहे, एक बाई आहे आणि बरीच वर्षं आलेला नाही असा एक निरोप आहे.

व्यासांची शकुंतला व्यवहारी. राजानं लग्नाचं विचारताच तिनं आधी अट घातली, की मला होणारा मुलगाच युवराज होईल. राजा म्हणाला, कबूल. अशा वेळी माणसं काहीही कबूल करतात. विचार करायला ती तिथं हजर नसतातच. जाताना सांगून गेला, की तुला न्यायला चतुरंग सेना पाठवतो. हत्ती, घोडे, रथ, पायदळ. मी नेहमी पाहिलं आहे, ज्याला यायचं असतं तो “येतो” म्हणतो; चतुरंग सेनेचं आश्वासन देणाऱ्याकडून पुढं एक घोडासुद्धा येत नाही.

नाहीच आला. मुलगा झाला, सहा वर्षांचा झाला, आश्रमातले वाघ-सिंह धरून झाडांना बांधायला लागला. शेवटी कण्वांनीच मायलेकरांना राजधानीला पाठवलं. आणि दरबारात काय घडलं? व्यासांनी इथं काहीच झाकून ठेवलेलं नाही. राजाला सगळं स्वच्छ आठवत होतं. तरी त्यानं साफ कानांवर हात ठेवले, वर तिलाच नाही नाही ते बोलला. मग मात्र शकुंतलेनं जे काही सुनावलं आहे, ते मुळातून वाचावं. दुसऱ्याचा मोहरीएवढा दोष तुला दिसतो आणि स्वतःचा बेलफळाएवढा दिसत नाही, अशा अर्थाचं भर दरबारात बोलली. तुझ्यावाचूनही माझा मुलगा पृथ्वीचं राज्य करील, असं सांगितलं आणि पाठ फिरवून निघाली. रडत बसली नाही, की उंबऱ्यावर थांबली नाही.

तेवढ्यात आकाशवाणी झाली, की मुलगा तुझाच आहे, सांभाळ. त्याबरोबर महाराज मंत्र्यांना म्हणाले, हे मलाही ठाऊक होतंच. नुसत्या तिच्या शब्दावर स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, तू रागाच्या भरात मला जे बोललीस त्याची मी तुला क्षमा केली, असंही वर ऐकवलं! बायकोला इतक्या वर्षांनी ओळखायचं आणि क्षमाही आपणच करायची. घराघरांतून हे वाक्य इतकं ओळखीचं आहे, की व्यासांना नुसतं राजवाड्यांचंच नव्हे, तर बिऱ्हाडांचंही ज्ञान होतं याबद्दल माझी खात्री आहे.

आता कालिदासाची अडचण बघा. त्याला नाटक लिहायचं होतं आणि नाटकाचा नायक धीरोदात्त हवा. त्यातून हा भरताचा बाप. त्याला पाचव्या अंकात धडधडीत खोटं बोलायला लावलं, तर सहाव्या अंकात प्रेक्षक कशाला बसतील? तेव्हा त्यानं दुर्वासांना बोलावलं. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला पडद्याआडून शाप देऊन ते निघूनही जातात. धड रंगमंचावर यायलासुद्धा मिळालं नाही त्यांना, आणि बदनामी मात्र दीड हजार वर्षं!

पण खरी मौज पुढं आहे. हा शाप शकुंतलेला ऐकूच येत नाही. ऐकतात त्या तिच्या मैत्रिणी, अनसूया आणि प्रियंवदा. प्रियंवदा ऋषींच्या पाया पडून उःशाप मिळवते आणि मग दोघी ठरवतात, की हे आपल्या दोघींतच ठेवायचं. ती नाजूक आहे, तिला सोसायचं नाही. जगातल्या यच्चयावत मैत्रिणी, मावश्या, आत्या आणि वहिन्या या दोघींच्या वंशातल्या. आपल्या माणसाला खरं सांगायचं नाही, हे आपण प्रेमापोटी ठरवतो. आणि सांगायचं नाही म्हटलं, की त्या जागी काहीतरी ठेवावं लागतं. म्हणून मग ‘कामात असेल’.

कालिदास मात्र फार मोठा माणूस. त्यानं वरून दुर्वासांचं पांघरूण घातलं खरं, पण खालून पाय दिसतील इतपत आखूड ठेवलं. दुसऱ्या अंकात राजा विदूषकाजवळ शकुंतलेचं भरभरून बोलतो, आणि त्याला राजधानीला पाठवायची वेळ येताच सांगतो, की मित्रा, ते सगळं थट्टेत बोललो हं, खरं मानू नकोस. का, तर हा बोलभांड माणूस अंतःपुरात जाऊन बडबडेल ही धास्ती. हे शापाच्या कितीतरी आधी! जो आपलं नाव स्वतःच्या माणसांपाशी ‘थट्टा’ म्हणून सांगतो, त्याला विसरायला ऋषी लागत नाहीत.

पाचव्या अंकाच्या सुरुवातीला, शकुंतला दरबारात पोचायच्या आधी, आतून गाण्याचे सूर येतात. हंसपदिका नावाची राणी गात असते. आंब्याच्या मोहरावर लुब्ध झालेला आणि कमळ मिळताच तो मोहर विसरलेला भुंगा, असा गाण्याचा आशय. राजाला टोमणा बरोबर कळतो. तो विदूषकाला म्हणतो, हिच्यावर मी एकदा प्रेम केलं होतं, जा, तिची समजूत काढ. आता मला सांगा, या हंसपदिकेला कुठल्या दुर्वासांनी शाप दिला होता? तिची अंगठी कुठल्या माशानं गिळली होती?

आणि त्या अंगठीचंच म्हणाल, तर राजानं जाताना सांगितलं होतं, की अंगठीवरच्या माझ्या नावाचं रोज एकेक अक्षर वाच. शेवटचं अक्षर येईतो तुला न्यायला माणूस आलेला असेल. दु-ष्यं-त. मोजून तीन अक्षरं. म्हणजे तीन दिवस! चौथ्या दिवशी सकाळी जे कळायचं ते कळायला हरकत नव्हती.

तुम्ही म्हणाल, पण राजाला खरोखरच काम असेल. राज्याचा कारभार का थोडा असतो? मान्य. पण याच राजाचा दुसरा अंक पुन्हा वाचा. खुद्द आईचा निरोप येतो, की व्रताचं पारणं आहे, ये. इकडे आश्रमात शकुंतला. महाराज काय करतात? ऋषींच्या यज्ञाला राक्षसांचा त्रास आहे हे कारण पुढं करतात आणि आईकडे आपल्या जागी विदूषकाला पाठवून देतात. ज्याला रस असतो तो आईच्या पारण्यातूनही सवड काढतो. ज्याला नसतो त्याला राज्यकारभार आठवतो. माणूस तोच, राज्यही तेच. खूण ओळखण्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे.

हे काही आपल्याकडेच चालतं असं नाही. ‘जेन एअर’ लिहिणारी शार्लट ब्रॉन्टे १८४२ साली फ्रेंच शिकायला ब्रुसेल्सला गेली. शाळा बाईंची होती आणि बाईंचे यजमान, कॉन्स्टन्टिन हेगर, तिथं शिकवत. कडक, तापट, हुशार मास्तर. शार्लटचा जीव त्यांच्यात गुंतला. १८४४ च्या सुरुवातीला ती यॉर्कशरमधल्या आपल्या घरी परतली आणि तिथून त्यांना पत्रं लिहू लागली. लांबलचक, काळीज पिळवटणारी, आणि तीही फ्रेंचमध्ये, म्हणजे व्याकरण सांभाळून. मास्तरांची उत्तरं आधी आखडत गेली, मग थांबली. पुढं तर सहा महिन्यांतून एकदाच लिहायचं असा दंडक आला. तिनं तो पाळला. सहा महिने पुरे झाले तसं १८४५ च्या नोव्हेंबरात पत्र धाडलं. हेगरसाहेबांनी ते हाताशी ठेवलं आणि त्याच्या समासात बूट शिवणाऱ्याचा पत्ता टिपून घेतला.

या इतिहासात यापरता स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. पुढं त्यांनी फाडून टाकलेली पत्रं त्यांच्या पत्नीनं उचलून, जोडून ठेवली. बायका काय टाकत नाहीत आणि का टाकत नाहीत, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. त्यांतली चार पत्रं १९१३ साली हेगरांच्या मुलांनी ब्रिटिश म्युझियमला दिली, ‘टाइम्स’नं ती छापली आणि मगच जगाला हे कळलं.

पण शार्लटनं मधल्या काळात काय केलं? १८५३ साली ‘व्हिलेट’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यात असाच एक तापट मास्तर आहे. फरक एवढाच, की हा मास्तर नायिकेवर मनापासून प्रेम करतो, समुद्रापार जातो आणि तिथून येणाऱ्या प्रत्येक जहाजाबरोबर तिला भरघोस पत्रं पाठवतो! परतताना समुद्रात भयंकर वादळ होतं आणि तो आला की नाही हे लेखिका स्पष्ट सांगत नाही. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यायचं मनात नव्हतं म्हणून आला नाही, यापेक्षा वादळामुळं येता आलं नाही हे सोसायला किती सोपं! कालिदासाला दुर्वास सापडले, शार्लटला समुद्र सापडला.

आपल्याकडे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. त्या पहिल्या प्रयोगात पहिले चारच अंक झाले. चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते. म्हणजे त्या रात्री पुणेकर मंडळी डोळे पुसत, आशीर्वाद देत घरी गेली असणार. पाचव्या अंकात पुढं काय वाढून ठेवलंय ते नंतरच्यासाठी राहिलं. मला वाटतं, मुलींच्या बाबतीत आपलं समाज म्हणून नेहमी हेच होतं. आपण चौथ्या अंकापर्यंतच बघतो. १९०५ साली मिरजेला बालगंधर्वांनी पदार्पण केलं तेही शकुंतलेच्याच भूमिकेत. म्हणजे लिहिणारा पुरुष, विसरणारा पुरुष, शाप देणारा पुरुष आणि ज्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून बायकांनी पदर ओले केले ते बालगंधर्वही पुरुषच! बायकांच्या वाट्याला आली ती फक्त वाट बघणं.

ती मी घरातच पाहिली आहे.

१९७२ साली माझ्या आत्याला एक स्थळ सांगून आलं. पोहे झाले, शिरा झाला, “कळवतो” झालं. ‘कळवतो’ हे मराठीतलं एकमेव क्रियापद असं आहे, की ज्याला काळच नाही. महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं, की पत्रिका उत्तम जुळते, मुलाची नोकरी कायम झाली की पुढचं बोलू. आमच्या घरात या कार्डाचं जितकं पारायण झालं तितकं गुरुचरित्राचं झालं नसेल. पुढं काहीच येईना. मग आजीनं कारणं पुरवायला घेतली. आधी नोकरी. मग, त्याच्या बहिणीचं उजवायचं असेल. मग चातुर्मास लागला. तो संपला, तर त्यांच्याकडे कुणाचं तरी वर्षश्राद्ध व्हायचं असेल, असं तिनं ठरवून टाकलं. सगळी कारणं संपली तेव्हा तिनं पोस्टमनवर संशय घेतला. हा माणूस कार्डं कुठंतरी टाकून देतो म्हणाली. त्या बिचाऱ्याला आमच्याकडे दिवाळीचं पोस्त त्या वर्षी निम्मंच मिळालं. मधल्या काळात दोन बरी स्थळं आली होती. ‘एके ठिकाणी बोलणी चालू आहेत’ म्हणून आजीनं ती परत पाठवली.

दोन वर्षांनी एका नातेवाइकाकडच्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो, तर समोरच्याच रांगेत तो गृहस्थ. शेजारी बायको, तिच्या मांडीवर मूल. मूल चांगलं बसायला लागलेलं होतं. आजीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तिचे ओठ हलले. ती महिने मोजत होती. तेवढ्यात वाढपी जिलबी घेऊन आला. जिलबी म्हणजे आजीचा जीव की प्राण. तिनं पानावर आडवा हात धरला. आत्यानं मात्र शांतपणे दोन घेतल्या.

पुढं आत्या शाळेत शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली. लग्न तिनं केलं नाही. आज ती ऐंशीच्या घरात आहे आणि अजून सहामाहीचे पेपर तपासावेत तशा आमच्या सगळ्यांच्या चुका काढते.

अमेरिकेत २००३ साली एका गाजलेल्या दूरदर्शन-मालिकेत एक प्रसंग दाखवला. एक बाई मैत्रिणींना सांगत असते, की तो घरी येणार होता, पण सकाळी लवकर मीटिंग आहे म्हणाला. मैत्रिणी अर्थातच तिची समजूत घालतात. तिथं बसलेला एक पुरुष मात्र सरळ म्हणतो, त्याला तुझ्यात तेवढा रस नाही. आणि बाई रडायच्या ऐवजी सुटल्यासारखी होते! त्या एका वाक्यावर २००४ साली ग्रेग बेरेंट आणि लिझ टुचिलो या दोघांनी अख्खं पुस्तक लिहिलं, ते धडाक्यानं खपलं आणि २००९ साली त्यावर चित्रपटही निघाला. जे आदिपर्वात फुकट होतं, ते तिथं विकत घ्यावं लागलं. अर्थात आपणही ते फुकटच होतं म्हणून घेतलं नाही.

तर, भाचीच्या फोननंतर मला झोप येईना. सकाळी उठल्या उठल्या मी आत्याला फोन लावला आणि इतक्या वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते विचारलं. “आत्या, त्या पोस्टकार्डवाल्याचं तुला कधी कळलं गं?”

“कधी म्हणजे? पोहे खातानाच.”

“पोहे खाताना?”

“त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता. साडेपाचची एस.टी. नाक्यावर थांबते का, म्हणून.”

“मग दोन वर्षं बोलली का नाहीस?”

आत्या जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझी आजी रोज पोस्टमनच्या वेळेला दारात येऊन उभी राहायची. तिला सांगू कशी? म्हटलं, तिचं तिला कळू दे.”

म्हणजे उभ्या घरानं दोन वर्षं जी गोष्ट आत्याला कळू नये म्हणून खटाटोप केला, ती तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती आणि ती आमच्यापासून लपवत होती. शकुंतला ओळखून होती; दुर्वासांची गरज प्रियंवदेलाच होती. आणि एकमेकींना जपता जपता ती दोन स्थळं मात्र परत गेली.

मी फोन ठेवला, चष्मा लावला आणि भाचीला निरोप टाइप केला. तीन वेळा लिहून खोडला. शेवटी एवढंच लिहिलं: “त्याला रस नाही गं. बाकी काही कारण नाही. मी काल उगीच काहीतरी बोलले.”

निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग मिनिटभर काही नाही. ते मिनिट मी कसं काढलं माझं मला माहीत. मग उत्तर आलं:

“रात्री जेवायला येते. पिठलं-भाकरी सोडून काहीही कर.”

मी डाळ भिजत घातली आणि बाजारात निघाले. जिलबी आणायची होती.